पिल्लाला ‘कोरोना’ निघाला? तपासणीच्या वेळी या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या बंड्याला, कुत्र्याच्या अडीच महिन्यांच्या पिल्लाला, जुलाब लागले आणि तपासणीत कोरोना निघाला. इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या घरी ही बातमी पोहोचताच आत्यानं कपाटातले जुने मास्क बाहेर काढले.

आत्याची चूक सगळ्यांची होते. कुत्र्यांच्या आतड्यातला हा कोरोना म्हणजे कोविड नव्हे. तो १९७१ मध्ये जर्मनीतल्या लष्करी कुत्र्यांत सापडला, कोविडच्या किती तरी आधी. पसरतो विष्ठेतून. त्यामुळे मास्क नको, साबणानं हात धुवा. आणि कोविडच्या उरलेल्या किटनं पिल्लाची तपासणी करायला जाऊ नका. ते किट या विषाणूला ओळखतच नाही.

माझी चूक मात्र माझीच. बंड्याची शी मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घेतली, डबा स्कूटरच्या हुकाला लटकवला आणि भर उन्हात दोन कामं उरकत दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टरांनी झाकण उघडलं, मान मागे घेतली आणि म्हणाले, “भैया, ये तो पक गया.” या विषाणूचं जनुकीय द्रव्य आरएनएचं असतं, ते उष्णतेत झपाट्यानं तुटतं. मग हे द्रव्य शोधणारी पीसीआर चाचणी कितीही चांगली असो, शोधणार काय? नमुना ताजा हवा, घट्ट झाकणाच्या स्वच्छ डबीत, बर्फाच्या पिशवीसोबत, आणि शक्यतो त्याच दिवशी पोहोचवलेला. फरशीवर फिनेल पडलं असेल तर तिथून खरवडून घेऊ नका.

नमुना कुठला, हेही महत्त्वाचं. जुलाब असतील तर विष्ठा. पिल्लू खोकत असेल तर गोष्ट वेगळी: कुत्र्यांच्या श्वसनमार्गाचा आणखी एक कोरोना आहे, त्याची माहिती २००३ मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झाली. त्यासाठी नाकातला किंवा घशातला स्वॅब लागतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: झटपट चाचणीच्या पट्टीवर कोरोनाची रेघ दिसली की ‘पार्व्हो’ हा जुलाबाचा दुसरा, जास्त घातक विषाणू नाही असं समजून सुटकेचा निःश्वास टाकणं. दवाखान्यातल्या कार्डावर बहुतेकदा दोन खिडक्या असतात, एक पार्व्होची, एक कोरोनाची, आणि दोन्ही रोग एकाच पिल्लात असू शकतात. कोरोना आतड्यातल्या अन्न शोषणाऱ्या बारीक अंकुरांचे शेंडे खुडतो. खालच्या पेशींतून ते पुन्हा उगवतात. पार्व्हो त्या खालच्या पेशींच्याच मुळावर उठतो, शिवाय अस्थिमज्जेवरही. म्हणून पार्व्होत पांढऱ्या पेशी बऱ्याचदा धाडकन खाली येतात, नुसत्या कोरोनात सहसा नाही. रक्ताच्या साध्या सीबीसीबद्दल, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीबद्दल, चारशे प्रश्न विचारत बसू नका, करून घ्या. पार्व्होची रेघ दिसली नाही तरी तो नाहीच असं नसतं. विष्ठेत विषाणू कमी असेल तर पट्टीच्या हातून सुटतो, पीसीआरला सापडू शकतो. उलट, नुकतीच लस दिली असेल तर पार्व्होची फिकट रेघ लसीमुळेही येऊ शकते. लसीची तारीख डॉक्टरांना आपणहून सांगा.

पीसीआर पॉझिटिव्ह आली म्हणजे जुलाबाचं कारण सापडलंच, असंही नाही. धडधाकट दिसणारी कुत्रीही हा विषाणू टाकत असतात, आणि बरी झालेली कधी कधी कित्येक आठवडे. तेव्हा ‘निगेटिव्ह’ कागद हाती येईपर्यंत दर चार दिवसांनी पैसे घालवणं व्यर्थ. रक्तातल्या प्रतिपिंडांच्या एका चाचणीतूनही फारसं कळत नाही. कधी तरी संसर्ग झाला होता किंवा लस दिली होती, एवढंच. जंत आणि जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीसाठी विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी मात्र जरूर करा, ती स्वस्त असते आणि लोक नेमकी तीच विसरतात.

महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरजवळच आहे. पण तिथे निघण्याआधी हवी ती चाचणी होते का, नमुना कशात आणायचा, हे फोन करून विचारा.

अहवालाची वाट बघताना माणसांची जुलाब थांबवायची गोळी देऊ नका, दूध बंद ठेवा. हिरड्या चिकट, कोरड्या झाल्या, पिल्लू मलूल पडलं किंवा विष्ठेत रक्त दिसलं, तर अहवाल राहू द्या, आधी सलाइन.

कोरोनाला बाहेरून चरबीचं आवरण असतं, साबणानं आणि ब्लीचनं तो जातो. पण पार्व्होची शंका असेल तर नुसत्या फिनेलवर विसंबू नका: आधी घाण धुऊन काढा, मग एका भागाला तीस भाग पाणी घातलेलं ब्लीच टाकून दहा मिनिटं फरशी ओली राहू द्या. बंड्याच्या पट्टीवर पार्व्हो नव्हता, पांढऱ्या पेशीही ठीक होत्या. तरी आम्ही फरशी अशीच धुतली. श्रीखंडाचा डबा आत्यानं आधीच गेटबाहेर ठेवला होता.