रात्रीच्या गाडीने येणाऱ्या मुलाला भुसावळ स्थानकावरून घेताना

मुंबईहून एकटा येणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा उतरवून घ्यायचा असेल, तर आधी तारीख तपासावी. रात्री १२ नंतर पोहोचणाऱ्या गाडीची तारीख बदललेली असते आणि ‘शनिवारी रात्री’ एवढेच लक्षात ठेवणारा पालक नेमका एका दिवसाने चुकतो.

फलाट तिकीट १० रुपयांचे असून ते दोनच तास चालते, म्हणून गाडी कुठवर आली हे मोबाइलवर पाहूनच ते काढावे. भुसावळला नागपूर आणि इटारसी अशा दोन्ही दिशांच्या गाड्या रात्रभर येत असल्यामुळे फलाट ऐनवेळी बदलू शकतो. तेव्हा उद्घोषणेकडे कान ठेवावा.

‘बाहेर भेटू’ असे मुलाला कधीही सांगू नये. डबा क्रमांक आधीच विचारून घ्यावा, फलाटावरील फलकावर तो डबा कुठे लागेल ते पाहून तिथेच उभे राहावे, आणि त्यानेही उतरल्यावर पुलाकडे न जाता डब्याच्या दारासमोरच थांबावे, असे ठरवावे. जळगाव सुटताच त्याने फोन करावा. तिथून भुसावळ साधारण २५ किलोमीटर आहे, म्हणजे चादर गुंडाळून चपला शोधण्यापुरता वेळ मिळतो. मोबाइल बंद पडल्यास उपयोगी पडावा म्हणून आपला क्रमांक कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवायला सांगावे.

झोपेत स्थानक मागे गेलेच, तर चालत्या गाडीतून उतरू नये, तिकीट तपासनिसाला गाठावे किंवा रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर फोन करावा, हे त्याला निघण्यापूर्वीच बजावावे.

भेटल्यावर हात धरू नये, या वयात ते आवडत नाही. बॅग मात्र घ्यावी.