वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घराची ऐतिहासिक कादंबरी लिहायची असेल तर

सर्वप्रथम वर्धा नदीच्या कोणत्या काठावर उभे राहायचे ते ठरवावे. हा सल्ला विचित्र वाटेल, पण माझी पहिली कादंबरी याच ठिकाणी अडखळली. यवतमाळकडच्या एका गावातली 1880 च्या आसपासची गोष्ट लिहिताना मी तिच्यात ऐटबाज मालगुजार, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणारा गावचा मालक, घातला होता, आणि त्याच्या वाड्यातल्या प्रसंगांची चाळीस पाने लिहून झाल्यावर आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांपैकी, एका वयस्क कास्तकाराने शांतपणे विचारले, "वऱ्हाडात मालगुजार कुठून आला?" मालगुजारी नदीच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या बाजूला होती, पश्चिमेला वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरत असे, आणि गावावर पाटील-पटवाऱ्यांचा वचक असे. नागपूरचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले, तर वऱ्हाड 1853 च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेले तरी कागदोपत्री निजामाचेच राहिले आणि 1903 मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. धर्मांतर केल्याने वारसाहक्क जात नाही, असे सांगणारा 1850 चा कायदा कादंबरीत भाऊबंदकीसाठी फार उपयोगी पडतो. पण आपल्या गावात तो कधी आणि कसा लागू झाला याची खात्री केल्यावाचून त्यावर प्रकरण उभारू नये. ती चाळीस पाने मी फाडली.

वाचनाचा क्रम मी असा ठेवतो की आधी जमीन, मग माणसे, आणि शेवटी धर्म. 1910 च्या सुमारास निघालेली जिल्हा गॅझेटियरे पीक, पाऊस, बाजार आणि रस्ते यांसाठी पाहावीत. रसेल आणि हिरालाल यांचे 1916 चे चार खंड जातीजमातींच्या चालीरीतींसाठी उपयोगी आहेत, मात्र ते साहेबाच्या चष्म्यातून लिहिलेले आहेत हे विसरू नये. त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्यावीत, आणि ती भक्तीपेक्षा घरासाठी वाचावीत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षे त्या घरात काय काय घडले ते वाचले की धर्मांतर एका रात्रीत, एका प्रार्थनेत उरकून टाकण्याचा मोह आपोआप ओसरतो. 1842 पासून निघणाऱ्या 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक मिळाले तर जाहिराती आणि वाचकांची पत्रेही वाचावीत, कारण त्या काळची बोलण्याची लय तेथे सापडते.

मिशनरी रंगवताना स्टीफन हिस्लॉप डोळ्यांसमोर ठेवावा. हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरास आला. त्याने शाळा चालवली, पण खडक आणि जीवाश्मही गोळा केले आणि गोंडांच्या भाषेची व गीतांची टिपणेही ठेवली. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परत येताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. नागपूरला आगगाडी आली ती 1867 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. तुमचे पात्र 1863 मध्ये प्रवास करणार असेल तर त्याला बैलबंडीत किंवा घोड्यावर बसवा, आणि नाल्याला पूर असेल तर अलीकडच्या काठावर दोन दिवस मुक्काम करू द्या.

यानंतर देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, नोंदवह्यांकडे वळावे. पाळकांची रीतसर परवानगी घ्यावी, वही त्यांच्यासमोरच उघडावी आणि कोणत्याही घराण्याचे नाव जसेच्या तसे कादंबरीत वापरू नये. मी पाहिलेल्या एका वहीची कड कसरीने खाल्ली होती. एका पानावर एकाच दिवसाच्या अकरा बाप्तिस्म्यांची नोंद होती, आणि त्यांपैकी सात मुलांच्या आईबापांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. साल 1900. म्हणजे छपन्नाचा (विक्रम संवत 1956 चा) दुष्काळ, आणि अनाथाश्रमात आलेली मुले. त्या सात रेघांपाशी मी बराच वेळ बसून राहिलो.

या जागी लेखकाच्या श्रद्धेची खरी परीक्षा होते. "पोटासाठी बाटले" हे वाक्य गावात तेव्हाही बोलले जात होते आणि आजही कानावर येते. ते गाळले तर कादंबरी खोटी पडते, आणि तेच अंतिम सत्य म्हणून लिहिले तर त्या मुलांपैकी पुढे ज्यांनी आयुष्यभर मनापासून उपासना केली त्यांच्यावर अन्याय होतो. माझा उपाय असा की ते वाक्य बोलणाऱ्या माणसालाही मी घरदार, कर्ज आणि एखादे प्रेमाचे माणूस देतो. तो केवळ दुष्ट म्हणून येत नाही. त्याचप्रमाणे प्रार्थना केली आणि लगेच पाऊस आला, अशी सोडवणूक मी कधीही करत नाही. 1899 मध्ये पावसाने दगा दिला, तेव्हा प्रार्थना करणारेही उपाशीच होते.

भाषेचे दोन थर सांभाळावे लागतात. आमची आजी प्रार्थनेला बसली की "हे स्वर्गीय पित्या, तुझे उपकार मानते" असे शुद्ध पुस्तकी मराठीत बोलत असे, आणि आमेन म्हणताक्षणी तोंडातून निघे, "अवो, गाय सुटली ना वं! काहून पाहून रायली?" हा एका श्वासातला बदल पकडला की पात्र जिवंत होते. पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, वचने मात्र त्या काळच्या आवृत्तीतूनच घ्यावीत. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे आज पाठ असलेले शब्द 1870 मधल्या पात्राच्या तोंडी पडताळल्याशिवाय घालू नयेत, आणि पंडिता रमाबाईंचे संपूर्ण भाषांतर 1924 मध्ये छापले गेले हेही ध्यानात असावे.

रोजच्या लिहिण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पहाटे, वावरात जाण्याआधी, एक स्तोत्र वाचून मी दीड तास लिहितो. रविवारी लिहीत नाही. कापणीच्या सणाला देवळात ज्वारीची कणसे, वांगी, कोंबड्या येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, तेव्हा वही घरी ठेवून नुसते पाहावे आणि बोली लावावी. मागच्या वर्षी मी एक भोपळा दुपटीने घेतला आणि त्या लिलावावरून एक पूर्ण प्रकरण सुचले.

खर्डा पुरा झाल्यावर तो दोघांना मोठ्याने वाचून दाखवावा: एक मंडळीतला, आणि दुसरा असा की ज्याच्या घराण्याने धर्म बदलला नाही. पहिला चुकलेली स्तोत्रे सांगतो, दुसरा चुकलेले शेजारी. गेल्या खेपेला शेजारच्या काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "पोरा, पोळ्याच्या दिवशी तुझ्या बाईनं तुरीच्या शेंगा कुठून सोलल्या?"