रिझ्युम पाठवला, फोन आला नाही: पहिल्या नोकरीच्या अर्जात या चुका टाळा

पदवीचा निकाल लागला की कोकणातल्या बऱ्याच मुलामुलींचा रिझ्युम झेरॉक्सच्या दुकानात जन्माला येतो. तिथल्या संगणकात कुणाचा तरी बायोडेटा असतोच. त्यातलं नाव-पत्ता बदलायचा, पाच प्रती काढायच्या आणि लोट्यापासून कुडाळपर्यंतच्या एमआयडीसीत वाटायच्या. घाईत आधीच्या माणसाचे छंद तसेच राहतात, कधी त्याचा ईमेलही. मग फोन आला नाही की म्हणायचं, अनुभव नाही म्हणून घेत नाहीत.

अनुभव नसणार हे फ्रेशर मागवणाऱ्या कंपनीला ठाऊक असतंच. अर्ज अडतो दुसरीकडे: फाइल उघडत नाही, उघडली तर कामाचं काही दिसत नाही, दिसलं तर फोन लागत नाही, आणि फोन लागलाच तर लिहिलेलं मुलाखतीत टिकत नाही. आपला अर्ज नेमका कुठे अडतोय ते आधी शोधा.

फाइलच उघडत नसेल तर

कागदाचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो पाठवू नका. वर्ड फाइलही नको, कारण समोरच्या संगणकावर तिची मांडणी हलते. पीडीएफ करा, आकार 1 एमबीच्या आत ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. मराठी संस्थेसाठी मराठीत अर्ज करत असाल तर मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमधली वर्ड फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा काला होतो. खासगी कंपनीसाठी रिझ्युम बहुधा इंग्रजीतच लागतो.

दोन रकान्यांचे, रंगीत पट्ट्यांचे, कौशल्यापुढे पाच-पाच तारे काढलेले नमुने टाळा. मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या पोर्टलवर अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. ते कधी डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडून टाकतं. एक रकाना, अक्षर 11 पॉइंटचं, चारी बाजूंना 2 सेंटिमीटर मोकळी जागा आणि एकच पान. फाइलचं नाव ‘फायनल न्यू 3’ नको, आपलं नाव आणि पद एवढंच ठेवा.

लग्नाचा बायोडेटा आणि नोकरीचा रिझ्युम

उंची, रक्तगट, जात, वडिलांचा व्यवसाय, भावंडं किती, ही माहिती स्थळ बघायला येणाऱ्यांसाठी. आधार आणि पॅन क्रमांक तर मुळीच लिहू नका; ती कागदपत्रं निवड झाल्यावर मागतात. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर आधार लागतो, पण तो त्या पोर्टलवरच भरायचा.

नाव मात्र गुणपत्रिकेवर आहे तसंच हवं. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, पदवीवर दुसरं, रिझ्युमवर लाडकं नाव, असं झालं की पडताळणीत घोळ होतो. क्रम बदलला तर चालेल, स्पेलिंग एकच ठेवा.

पत्ता लिहिताना ‘मु. पो.’पासून पिनकोडपर्यंत चार ओळी घालवू नका. गाव, तालुका, जिल्हा पुरे. राजापूरचा मुलगा लोट्याला अर्ज करतो तेव्हा समोरच्याच्या मनात पहिली शंका येते की हा रोज येणार कसा. म्हणून पत्त्याच्या शेजारीच लिहा: ‘लोटे परिसरात राहण्याची तयारी, शिफ्ट चालेल.’ खरंच चालत असेल तरच.

‘अनुभव: नाही’ ही ओळ

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. घरची आंब्याची बाग आहे, एप्रिल-मेमध्ये पेट्या भरता, पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी घेता, पैसे आले की नाही ते बघता, आणि रिझ्युमवर मात्र ‘फ्रेशर’. हे कामच आहे. फक्त ते कामासारखं लिहावं लागतं. ‘वडिलांना व्यवसायात मदत’ यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी:

‘घरच्या हापूस बागेत 2 हंगाम: वजनानुसार प्रतवारी, पेटी भरणे, सुमारे 300 पेट्यांच्या ऑर्डरी व वसुलीचा हिशेब एक्सेलमध्ये.’

आकडा अर्थात तुमचा खरा घाला. मालवण-तारकर्लीकडे घरचा होमस्टे सांभाळला असेल तर खोल्या किती, बुकिंग कशावर घेतलं, पाहुण्यांशी हिंदी-इंग्रजीत कोण बोलत होतं, ते लिहा. हॉटेलवाल्याला हे कुठल्याही ‘कम्युनिकेशन स्किल’पेक्षा जास्त सांगतं.

एनएसएसचंही तसंच. ‘एनएसएस स्वयंसेवक’ एवढं लिहून थांबणारे शेकड्याने असतात. सात दिवसांच्या निवासी शिबिरात वनराई बंधारा बांधला असेल तर किती जणांचा गट, किती पोती भरली, जेवणाचा हिशेब कुणाकडे, यातलं तुमचं जे असेल ते एका ओळीत मांडा. गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार असाल तर वर्गणीचा जमाखर्च ही अकाउंट्सच्या अर्जासाठी चांगली ओळ आहे. नमन या कोकणी लोकनाट्यात काम केलंत हे मात्र विक्री किंवा पर्यटनाच्या अर्जात शोभेल, लॅबच्या अर्जात नाही.

प्रोजेक्टचं नुसतं शीर्षक

अनुभव नसलेल्याचा प्रोजेक्ट हाच अनुभव. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘पाण्याचे विश्लेषण’ लिहिलं तर ते वाया गेलं. ‘गावातील 12 विहिरींच्या पाण्याची कठीणता ईडीटीए टायट्रेशनने मोजली, पावसाळ्यापूर्वी व नंतरची तुलना’ असं लिहिलं की लोटे, महाड किंवा रोह्याच्या कारखान्यातला क्यूसी (गुणवत्ता तपासणी) प्रमुख थांबून वाचतो.

आणि लगेच विचारतोही: इंडिकेटर कुठला? इरिओक्रोम ब्लॅक टी. पीएच किती? बफर घालून 10. रंग? वाइनसारखा लाल, शेवटी निळा. यातलं एकही अडलं तर उरलेल्या पानावरचा विश्वास जातो. गटाने केलेल्या प्रोजेक्टमध्ये आपण काय केलं तेवढंच लिहा. अहवाल टाइप केला असेल तर टायट्रेशन केलं म्हणू नका.

एचपीएलसीचं (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं) यंत्र इंडस्ट्रियल व्हिजिटला काचेपलीकडून पाहिलं असेल तर ते ‘कौशल्य’ नव्हे. ‘ओळख’ लिहा. कौशल्यांच्या यादीत जे लिहिलंत ते उद्या सकाळी करून दाखवायला लागेल असं धरून चाला. ‘एमएस-सीआयटी’ हे प्रमाणपत्र झालं. एक्सेलमध्ये व्हीलुकअप, पिव्होट टेबल जमतं का, ते वेगळं लिहा. बी.कॉम.च्या मुलांनी नुसतं ‘टॅली’ न लिहिता खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक ताळमेळ, जीएसटी यांपैकी जे हाताने केलंय ते लिहावं. बँकेत रोकड भरल्याची नोंद कुठल्या व्हाउचरने, हा साधा प्रश्न, उत्तर ‘कॉन्ट्रा’. त्यावर अनेक जण गडबडतात.

गुण, केटी, गॅप

सीजीपीआय गुणपत्रिकेवर आहे तसा लिहा: 7.84/10. त्याला 10 ने गुणून स्वतःची टक्केवारी काढू नका, विद्यापीठाचं सूत्र वेगळं असू शकतं. केटी सुटली असेल तर रिझ्युमवर तिचा उल्लेख लागत नाही. सुटलेली नसेल तर ‘पदवी पूर्ण’ लिहिणं खोटं ठरतं. एखादं वर्ष गेलं असेल तर त्या वर्षात केलेला कोर्स किंवा काम लिहा. ती जागा रिकामी सोडली की समोरचा ती आपल्या मनाने भरतो.

वरचं इंग्रजी ‘ऑब्जेक्टिव्ह’ उडवा. ‘चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट’ लोकांनी इतकं वापरलंय की आता तिथे नजर थांबत नाही. त्या जागी दोन ओळी: शिक्षण काय, कुठलं पद हवं, कधीपासून रुजू होऊ शकता. खालचं ‘वरील माहिती खरी आहे’ हे घोषणापत्रही खासगी नोकरीला लागत नाही. ज्या सरकारी किंवा संस्थेच्या अर्जात मागितलंय तिथेच ठेवा.

फोन येतो, पण लागत नाही

घरात रेंज नाही, सड्यावर (गावावरच्या कातळाच्या पठारावर) गेलं की येते, ही कितीतरी गावांची स्थिती आहे. एचआरवाला दोनदा लावतो आणि पुढच्या नावाकडे वळतो. म्हणून दुसरा क्रमांक द्याच, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या सिमचा. तो काकांचा असेल तर काकांना तसं सांगून ठेवा. ईमेल रोज बघा, स्पॅमसुद्धा. ईमेलचा पत्ता ‘कोकणचाराजा007’ छापाचा नको.

फोन भरपूर येतात, पण सगळे नोंदणीचे किंवा गणवेशाचे पैसे मागतात, असं होत असेल तर ते नोकरी देणारे नाहीत. पैसे भरू नका, आणि क्रमांक उघड्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं बंद करा.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. एका वहीत तारीख, कंपनी, पद आणि कुठली पीडीएफ पाठवली हे लिहून ठेवा. पदाप्रमाणे रिझ्युम बदलायचा म्हणजे तीन-चार आवृत्त्या होणारच, आणि तीन आठवड्यांनी फोन आल्यावर ‘कुठली कंपनी म्हणालात?’ असं विचारायची वेळ येते.