टॅबलेटच्या अर्ध्या पडद्यात फोनचं ॲप बसवताना

मोंढ्यातल्या अडत दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलेला टॅबलेट डोळ्यांसमोर आणा. डावीकडे बाजारभावाचं ॲप, उजवीकडे व्हॉट्सॲप. कुणी मालाचा फोटो पाठवला की मालक मधली पट्टी डावीकडे सरकवतो, फोटो पाहून झाला की परत उजवीकडे. तेवढ्या वेळात तुमच्या ॲपने काय केलं, यावरून ते टॅबलेटवर चालतं की नुसतं उघडतं हे कळतं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला असं ॲप करणारे बरेच जण यादी आणि तपशील असे दोन रकाने शेजारी-शेजारी दिसले की काम झालं असं धरतात. रकाने काढणं सोपं असतं. खरा वेळ बॅक बटण आणि वापरणाऱ्याची निवड सांभाळण्यात जातो.

उदाहरणाचं ॲप साधं धरू. खालच्या पट्टीत चार टॅब आहेत: भाव, आवक, माझी पिकं, सेटिंग. भाव टॅबमध्ये सोयाबीन, तूर, हरभरा, हळद अशी यादी. सोयाबीनवर बोट ठेवलं की लातूर, उदगीर, नांदेड अशा बाजार समित्यांमधली क्विंटलमधली आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर दिसतात. अँड्रॉइड, कोटलिन ही भाषा आणि पडदे मांडायला जेटपॅक कंपोज वापरलंय असं समजा.

कोडमध्ये ‘हा टॅबलेट आहे का?’ हा प्रश्नच नको. विचारायचं ते एवढंच: आत्ता आपल्या विंडोला किती रुंदी मिळाली आहे? अँड्रॉइडने त्यासाठी गट ठरवून दिलेत. माप डीपीत, म्हणजे पिक्सेलच्या दाटीवर न अवलंबणाऱ्या एककात. 600 डीपीच्या आत कॉम्पॅक्ट, 600 ते 840 च्या आत मीडियम, 840 आणि त्यापुढे एक्स्पांडेड. डीपी काढायचा तर पिक्सेलला 160 ने गुणून स्क्रीनच्या डीपीआयने (एका इंचातले पिक्सेल) भागायचं. 1200 बाय 1920 पिक्सेलचा, 240 डीपीआयचा टॅबलेट घेतला तर तो 800 बाय 1280 डीपी होतो. आडवा, पूर्ण पडद्यावर असेल तर 1280, म्हणजे एक्स्पांडेड. उभा धरला तर 800, म्हणजे मीडियम. आणि आडव्याचा अर्धा भाग मिळाला, तर मधली पट्टी वगळून जेमतेम 630, म्हणजे पुन्हा मीडियम.

आता या 630 मध्ये दोन रकाने कोंबून बघा. डाव्या कडेची नॅव्हिगेशन रेल, म्हणजे टॅबची उभी पट्टी, 80 डीपी घेते, उरले 550. यादीला नेहमीचे 360 दिले की तपशिलाला 190 सुद्धा धड उरत नाहीत. त्यात चार स्तंभांचा दरतक्ता बसणार कसा? म्हणून अर्ध्या विंडोत एकच रकाना ठेवायचा. पूर्ण 1280 मध्ये मात्र रेल 80, यादी 360, मधली मोकळी जागा 24 असं वजा करून तपशिलाला 816 मिळतात आणि तक्ता ऐसपैस बसतो. आकडेमोड एकदा वहीवर केली की कुठल्या रुंदीला काय दाखवायचं यावरचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

टॅबलेट आडवा आहे की उभा, हे विचारून ठरवणाऱ्यांची इथेच फसगत होते. आडव्या टॅबलेटच्या अर्ध्या विंडोची उंची रुंदीपेक्षा जास्त असते, त्यामुळे टॅबलेट हातात आडवा असूनही सिस्टीम ॲपला ‘पोर्ट्रेट’ असंच सांगते. उलटी गंमत फोनवर होते. 1080 बाय 2400 पिक्सेलचा, 420 डीपीआयचा फोन आडवा केला की रुंदी 914 डीपी भरते, म्हणजे थेट एक्स्पांडेड. फक्त रुंदी पाहणारं ॲप तिथे दोन रकाने मांडून मोकळं होतं, पण उंची असते 411. त्यात कीबोर्ड वर आला की शोधायची चौकट तेवढी दिसते, पिकं दिसतच नाहीत. तेव्हा उंचीही तपासा. 480 च्या आत असेल तर एकच रकाना बरा.

टॅब खाली दाखवायचे की कडेला, यासाठी कंपोजमध्ये नॅव्हिगेशनसूटस्कॅफोल्ड हा तयार घटक आहे. टॅबची यादी एकदाच लिहायची, खालची पट्टी की रेल ते तोच विंडो बघून ठरवतो. ज्यांनी पट्टी आणि रेल वेगवेगळ्या हाताने लिहिल्या, त्यांच्याकडे कधीतरी दोन्ही एकदम दिसतात किंवा निवडलेला टॅब एकीकडे भाव आणि दुसरीकडे आवक असतो. मराठी लेबलांचं मात्र स्वतः बघावं लागतं. ‘माझी पिकं’ 80 डीपीत बसतं, ‘बाजार समितीनिहाय आवक’ बसत नाही. शिवाय वय झालेली माणसं फोनमधला अक्षरांचा आकार मोठा करून ठेवतात. लेबलाला ठरावीक उंची दिली असेल तर वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार कापला जातो. इंग्रजी अक्षरांवर तपासणाऱ्याला हे कधी दिसतच नाही.

आता निवड. पट्टी सरकवली की विंडोचा आकार बदलतो, आणि तुम्ही मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपची माहिती सिस्टीमला देणाऱ्या फाइलमध्ये, वेगळं काही लिहिलं नसेल तर अँड्रॉइड ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपचा चालू पडदा, पाडून नव्याने उभी करतं. ‘हरभरा निवडलाय’ ही गोष्ट कंपोजच्या साध्या रिमेंबरमध्ये ठेवली असेल तर ती तिथेच पुसली जाते आणि मालकाला पुन्हा यादीच्या टोकाशी आणून सोडलं जातं. पिकाचा आयडी रिमेंबरसेव्हेबलमध्ये किंवा व्ह्यूमॉडेलच्या (पडद्याची माहिती सांभाळणारा वर्ग) सेव्हडस्टेटहँडलमध्ये ठेवा; या दोन्ही जागा पडदा नव्याने उभा राहिला तरी टिकतात. पूर्ण दरतक्ता तिथे कोंबू नका, आयडी पुरतो. आणि ही जागा दोन्ही मांडण्यांच्या वर, एकच असू द्या. फोनच्या मांडणीसाठी एक निवड आणि टॅबलेटसाठी दुसरी, असं केलं की त्या कधी ना कधी एकमेकींशी भांडतात.

याच्या पोटात एक बारीक काटा आहे. दोन रकान्यांत उजवी बाजू रिकामी दिसू नये म्हणून बरेच जण यादीतलं पहिलं पीक आपोआप निवडून टाकतात. मग विंडो अर्धी झाली की एकच रकाना उरतो, निवड सोयाबीनची आहे म्हणून सोयाबीनचा तपशील दिसतो. पण माणसाने सोयाबीनला हात लावलेलाच नव्हता. त्याला यादी हवी होती. उपाय असा: निवड रिकामीच ठेवायची, आणि दोन रकाने असतील आणि निवड रिकामी असेल तेव्हा फक्त दाखवण्यापुरतं पहिलं पीक घ्यायचं. विंडो लहान झाली की निवड रिकामी म्हणजे यादी, निवड केलेली म्हणजे तपशील. आयपॅडवर रकाने मांडणारा यूआयस्प्लिटव्ह्यूकंट्रोलर वापरणाऱ्यांनाही रकाने मिटताना वर कुठला राहील, हे डेलिगेटमधून (त्याच्या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या कोडमधून) सांगावं लागतं. प्लॅटफॉर्म बदलला तरी हा प्रश्न सुटत नाही.

बॅकचं गणित रकान्यांच्या संख्येवर चालतं. एक रकाना असताना तपशिलातून बॅक म्हणजे यादी, यात वाद नाही. दोन रकाने असताना मालकाने तूर, हरभरा, हळद असं एकामागून एक पाहिलं; आता बॅक दाबल्यावर हळद, हरभरा, तूर असं उलटं फिरवायचं का? भावाच्या ॲपमध्ये नाही. यादी समोरच आहे, हवं ते पीक एका बोटावर आहे. यादी-तपशिलाची मांडणी आणि बॅक सांभाळणाऱ्या नॅव्हिगेबललिस्टडिटेलपेनस्कॅफोल्डमध्ये न सांगता पॉपअनटिलस्कॅफोल्डव्हॅल्यूचेंज हेच वर्तन असतं, म्हणजे रकान्यांची मांडणी बदलेल तिथपर्यंत मागे जातं. प्रत्येक पीक मागे-मागे दाखवायचं असेल तर पॉपअनटिलकंटेंटचेंज द्यावं लागतं. तपशिलाच्या डोक्यावरचा मागे जायचा बाण मात्र यादी शेजारी दिसत असेल तेव्हा लपवा. तो ठेवला तर लोक दाबतात, पडद्यावर काही हलत नाही, आणि ‘ॲप अटकतंय’ म्हणून तक्रार येते.

स्क्रोलची एक चूक फोनवर दिसत नाही, म्हणून टॅबलेटवर सगळ्यांना गाठते. फोनवर दर वेळी तपशिलाचा पडदा नवा उघडतो, वरून सुरू होतो. दोन रकान्यांत तोच रकाना राहतो, आतला मजकूर तेवढा बदलतो. सोयाबीनच्या तक्त्यात खाली जाऊन कुणी तूर निवडली की तूरही मधूनच सुरू होते, आणि वरच्या बाजार समित्या गायब झाल्यासारख्या वाटतात. तपशिलाभोवती पिकाचा आयडी ‘key’ (ओळखखूण) म्हणून दिला की पीक बदलताच तो भाग नव्याने सुरू होतो आणि हे जातं. यादीच्या स्क्रोलला तो लावू नका, ती आहे तिथेच राहायला हवी. निवडलेली ओळ रंगाने ठळक करायची ती फक्त दोन रकान्यांत.

भाव दर मिनिटाला ताजे करत असाल तर ते ऑनस्टार्टला (ॲप दिसू लागताना) सुरू आणि ऑनस्टॉपला (दिसेनासं होताना) बंद करा. अँड्रॉइड 10 च्या आधी अर्ध्या पडद्यातल्या दोन ॲपपैकी एकच रिझ्यूम, म्हणजे पूर्ण चालू, असायचं; दुसरं दिसत असूनही पॉजमध्ये जायचं. ऑनपॉजला बंद केलं की शेजारच्या व्हॉट्सॲपवर बोट पडताच भाव गोठतात, आणि जुने टॅबलेट अजून वापरात आहेत.

मॅनिफेस्टमध्ये उभा पडदा सक्तीचा करून या सगळ्यातून सुटता येतं, असं अजूनही सुचवलं जातं. एपीआय 36 ला (अँड्रॉइड 16 ची आवृत्ती) टार्गेट करणाऱ्या ॲपची ती सक्ती अँड्रॉइड 16 मध्ये 600 डीपी किंवा त्याहून मोठ्या पडद्यावर मानलीच जात नाही. त्यामुळे ती पळवाट धरू नका.

टॅबलेट विकत घ्यायची गरज नाही. अँड्रॉइड स्टुडिओतला रिसायझेबल एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचं आकार बदलणारं नकली यंत्र, पुरतो. लॅपटॉपची रॅम कमी असेल तर फोनच्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये ‘स्मॉलेस्ट विड्थ’ 600 च्या वर करा, फोनच मीडियमसारखा वागतो. आधीचा आकडा लिहून ठेवा, नाहीतर अक्षरं बारीक होऊन सेटिंग शोधताना डोळे दुखतील. तिथेच ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ (ॲप सोडताच ॲक्टिव्हिटी पाडणारा पर्याय) चालू केलं की निवड नीट जपली जाते का ते लगेच उघडं पडतं. पुण्यात किंवा संभाजीनगरला मुलाखतीला जाताना स्क्रीनशॉटपेक्षा पट्टी सरकवतानाचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग न्या. त्यात हरभरा निवडा, विंडो अर्धी करा, बॅक दाबा, पुन्हा पूर्ण करा. समोरच्याने काम केलेलं असेल तर पुढचा प्रश्न तो बॅकवरच विचारेल.