परड्यातली कोंबडी पहिल्यांदाच घरी कापताना

पहिल्यांदा कोंबडी कापणाऱ्याचं सगळं लक्ष सुरीवर असतं. काम बिघडतं ते बहुतेक वेळा गरम पाण्यात, नाहीतर पोट साफ करताना.

आधी पक्षी निवडा. पाच-सहा महिन्यांचा कोंबडा पहिल्या खेपेला बरा. छातीच्या हाडाचं मागचं टोक बोटानं वाकलं तर मांस कोवळं. टोक कडक आणि पायाची नखी लांब वाढलेली असेल तर जून समजा, त्याला शिजायला दुप्पट वेळ लागेल. पिसं फुगवून कोपऱ्यात बसणारी, पातळ हगणारी कोंबडी खाण्यासाठी कापू नका. औषध चालू असेल तर डॉक्टरांनी किंवा बाटलीवर सांगितलेले दिवस जाऊ द्या.

आदल्या संध्याकाळी डालग्याखाली झाकून ठेवा. बारा तास दाणा बंद, पाणी चालू. हे चुकवलं की गळ्यातली पिशवी आणि आतडी भरलेली राहतात, आणि जरासं टोक लागलं तरी घाण मांसावर सांडते.

खताच्या रिकाम्या, धुतलेल्या पोत्याचा एक कोपरा मूठभर कापा आणि त्यातून डोकं खाली काढून पोतं झाडाला टांगा. पंख आत दाबले जातात, कोंबडी अर्ध्या मिनिटात शांत होते. धारदार सुरीनं जबड्याच्या लगेच खाली दोन्ही बाजूंच्या शिरा खोल कापा. बोथट सुरीनं घासत बसणं म्हणजे जनावराचे हाल. नंतरची फडफड नसांची असते, घाबरू नका. दोन मिनिटं रक्त निथळू द्या. डोळ्याला बोट लावूनही पापणी हलत नाही, मगच पाण्यात घाला. (देवळाच्या आवारात बळी द्यायला कर्नाटकात 1959 च्या कायद्यानं बंदी आहे, तेव्हा हे काम आपल्या परड्यातच करा.)

आता पाणी. हवं 60 ते 65 अंश. थर्मामीटर नसेल तर मोठ्या बादलीत पाच लिटर गार पाणी घ्या आणि त्यात सहा लिटर खळखळतं पाणी ओता. पाय धरून कोंबडी बुडवा, वरखाली हलवा म्हणजे पाणी पिसांच्या मुळाशी पोचेल. पाऊण मिनिटानं पंखाचं एक मोठं पीस ओढून बघा. सहज आलं तर बाहेर काढा, नाही आलं तर अजून पंधरा सेकंद. थेट हंड्यातलं उकळतं पाणी ओतलं की कातडी शिजते आणि पिसांबरोबर सालपटं निघतात. पहिल्यांदा करणारे नव्वद टक्के इथंच फसतात, असं आमचं मत. पंख-शेपटीची पिसं आधी, बाकीची नंतर. उरलेली केसाळ लव हळद चोळून जाळावर फिरवून जाळा. बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडं भाताचं पिंजर (वाळलेला पेंढा) वापरतात, निपाणी-चिकोडीकडं उसाचा पाला. काहीही चालेल, पण कोरडं हवं, ओल्याचा धूर मांसाला लागतो.

मग डोकं आणि पाय सांध्यातून काढा. मानेची कातडी चिरून अन्नाची पिशवी बोटानं सोडवा. शेपटीवरची पिवळी तेलाची गाठ खोल कापून टाका, नाहीतर रश्श्याला वास येतो. पोटाला गुदद्वाराच्या वर फक्त कातडीपुरता काप द्या, गुदद्वाराभोवती गोल कापा आणि हात घालून सगळं एकत्र ओढा. काळिजाला (म्हणजे यकृताला) चिकटलेली हिरवी पिशवी पित्ताची. ती फोडायची नाही. काळिजाचा थोडा तुकडा तिच्याबरोबर गेला तरी चालेल. फुटलीच तर लगेच धुवा आणि हिरवा झालेला भाग कापून टाका. काळिजावर पांढरे ठिपके किंवा गाठी दिसल्या तर पक्षी खाऊ नका, खोल पुरा. फुप्फुसं बरगड्यांत रुतलेली असतात, ती बोटानं खरवडून काढा.

पेटा (दाणे दळणारी जाड मांसल पिशवी) उभा चिरा, खडे काढा, आतली पिवळी जाड साल नखानं सोला. तलंग (अंड्यावर येऊ लागलेली तरुण कोंबडी) किंवा अंड्यावरची कोंबडी असेल तर पोटात अजून न घातलेल्या अंड्यांचे पिवळे गोळे मिळतील, ते रश्श्यात सोडा.

दीड किलोच्या कोंबडीतून साधारण एक किलो मांस निघतं. लगेच शिजवा, नाहीतर फ्रीजमध्ये एक दिवस ठेवा. मधल्या काही तासांत मांस ताठतं आणि कितीही शिट्ट्या काढल्या तरी चिवट राहतं. पिसं आणि आतडी दोन फूट खोल पुरून वर चुना टाका, नाहीतर रात्री कुत्री उकरतील. पाय मात्र टाकू नका. गरम पाण्यात बुडवून पिवळी साल आणि नखं काढली की अळणी रश्श्याला तेच कामी येतात.