गर्दीत कुणी कोसळलं तर मदत कशी मिळवायची

दादरच्या पुलावर कुणी चक्कर येऊन पडलं की भोवती कडं जमतं, हात मात्र पुढे येत नाही. माणसं निष्ठुर नसतात. प्रत्येकाला वाटतं, कुणीतरी फोन केलाच असेल. डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८ च्या प्रयोगात, फिटचा झटका आलेल्याचा आवाज आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक तो आवाज बंद व्हायच्या आत उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा फक्त ३१ टक्के.

म्हणून ‘कुणीतरी मदत करा’ असं ओरडू नका. आधी स्वतः खाली बसा. सगळे शांत उभे असले की ‘काही गंभीर नसावं’ असाच प्रत्येकाचा समज होतो. मग एकाकडे थेट बघून सांगा: “निळ्या शर्टवाले दादा, १०८ लावा. लागला की मला सांगा.” दुसरीला: “ताई, स्टेशन मास्तरांकडून स्ट्रेचर मागवा.” एका माणसाला एकच काम. ‘मला सांगा’ राहिलं, तर बऱ्याचदा फोनही राहतो.

रस्त्यावरच्या अपघातात पोलिसांची भीती आड येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही. हे तिथेच, मोठ्याने सांगा.