फायबरचा लाल दिवा: लाइनमनला फोन करण्याआधी

नेट गेलं की हात आधी स्विचकडे जातो. थांबा, दिवे बघा. पिवळी वायर ज्या डब्यात शिरते तो ओएनटी, फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं नेट करणारा. त्यावरचा ‘पॉन’ हिरवा आणि स्थिर असेल, तर प्रकाश नीट येतोय. गडबड वाय-फायची, संपलेल्या रिचार्जची नाहीतर कंपनीकडची. ‘पॉन’ लुकलुकतोय म्हणजे डब्याची कंपनीकडची नोंदणी अडकली. ‘लॉस’ लाल म्हणजे प्रकाशच पोचत नाही; मग दहादा रीस्टार्ट करून उपयोग नाही.

शेजारी विचारा. एका फायबरचे स्प्लिटरने बहुधा ३२ किंवा ६४ फाटे केलेले असतात. सगळ्यांचं गेलं असेल तर मुख्य केबल तुटली, बहुतेक वेळा जेसीबीने. एकट्याचंच गेलं तर दोष स्प्लिटरपासून तुमच्या भिंतीपर्यंत.

आता वायर हाताने चाचपत जा. दाराच्या फटीत चेपलेली, खिळ्याने आवळलेली, कपाटामागे मुडपलेली जागा हमखास सापडते. साध्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण दिलं की प्रकाश बाहेर सांडतो. मग कनेक्टर. हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरवा निळ्या खोबणीत बसतो खरा, पण मध्ये फट राहते. टोक पुसायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारा कागद, शर्टाने नको. आणि उघड्या टोकात डोकावू नका. हा १४९० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त धोक्याचा.

आकडा हवा असेल तर राउटरच्या पानावर (पत्ता डब्याखालच्या स्टिकरवर असतो) ‘आरएक्स पॉवर’ शोधा, म्हणजे डब्यापर्यंत पोचलेला प्रकाश; तो डीबीएममध्ये मोजतात आणि घट डीबीमध्ये. उणे १५ ते उणे २४ डीबीएम उत्तम. उणे २७ च्या खाली गेला की लाइन तुटत राहते. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात ठेवा. कंपनीकडून अधिक ३ निघाला, ३२ च्या स्प्लिटरने १७ खाल्ले, चार किलोमीटर काचेने जेमतेम १, जोडांनी १: उरले उणे १६. काच इतकी कमी खाते हेच नवल. १९६६ साली फायबरवर संशोधन करणाऱ्या चार्ल्स काव यांनी किलोमीटरमागे २० डीबीपेक्षा कमी घट झाली तरी पुरे असं मांडलं, तेव्हाची काच हजाराच्या आसपास खात होती.

एका बाबतीत मात्र तांब्याची जोडी सरस होती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या त्याच दोन तारांतून ४८ व्होल्ट पाठवत, म्हणून वीज गेली तरी घरचा फोन वाजायचा. काचेतून वीज येत नाही. भारनियमनात नेट हवं तर मिनी यूपीएस घ्या, पण आधी ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा: व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही त्यावर घ्या. केबलवाल्याचा नेट वाटणारा डबा (नेटवर्क स्विच) जिन्यात असेल तर त्यालाही वीज लागते. तिथे घरचा यूपीएस कामाचा नाही.